कुंकवाचे पंचवीस ठिपके

माझी वैनी सत्यवती हट्टी होती, असं भातकुलीत अजून बोलतात. मला ते पटत नाही. हट्टी मी आहे, माझा भाऊ देवीदास होता, आमच्या मोटेचा डावा बैल तर होताच होता. वैनीची तऱ्हा वेगळी. एखादी गोष्ट अर्धवट कळली की तिला घास गिळवत नसे. बाहेरून ते हट्टासारखंच दिसतं आणि घरच्यांना त्रासही तेवढाच होतो, एवढं मात्र खरं.

मी शकुन, तिची नणंद. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा प्लेगात गेला आणि मी माहेरी आले ती कायमची. आमचा माळ्याचा मळा. वांगी, कांदे, कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. देवीदासदादा मोट हाकायचा आणि पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायला आम्ही दोघी. याला दारं धरणं म्हणतात. काम हलकं, पण कंटाळवाणं. वाफा भरेपर्यंत नुसतं उभं राहायचं, भरला की माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं.

वैनी मूर्तिजापूरची. तिथल्या शाळेत चौथी झालेली. तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दीडकी सगळं तोंडपाठ. तिला मास्तरीण व्हायचं होतं. अकोल्याला बायकांना मास्तरकी शिकवणारा एक वर्ग होता, तिथं दोन वर्षं काढली की मुलींच्या शाळेवर नेमणूक मिळायची. दादाला तिनं विचारलं तेव्हा तो बैलाच्या खुरातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "जाय. पन जायच्या आंधी शकुनले भाकर थापाले शिकव." माझ्या भाकरीवर घसरायची काही गरज नव्हती, पण परवानगी मिळाली.

सन एकवीसच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं बडनेऱ्याला गाडीत बसून अकोल्याला गेलो. वर्गाचे मुख्य होते वामनराव. सडपातळ, चष्मा, बोलणं सगळं पुस्तकातलं. ते एकेकीला आत बोलावून तोंडी परीक्षा घेत होते. मी दाराशीच बसले होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

वैनीनं धडा वाचला, शुद्धलेखन लिहिलं. वामनराव जांभई दाबत होते. जागा बहुतेक आधीच ठरलेल्या असाव्यात, आणि मळ्यात राबून हात काळे झालेली बाई त्यांच्या यादीत नसावी. लवकर आटपावं म्हणून त्यांनी पाटी पुढं सरकवली.

"महिन्याच्या पहिल्या दिवशी एक बी पेरलं. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. महिना एकतीस दिवसांचा. एकूण बिया किती?"

वैनीनं पाटीला हात लावला नाही. डोळे मिटले आणि पुटपुटत दुप्पट करत गेली. मला वाटलं आता ही अडकणार. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाली, "दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस."

"बेरीज कधी केलीत?"

"बेरीज काहून कराची, सर? आजवरची बेरीज उद्याच्या बियांपेक्षा एकानं कमी भरते. बत्तिसाव्या दिवसापर्यंत गेली आन् एक काढला."

वामनरावांनी आपली वही काढून ताडून पाहिलं. उत्तर बरोबर होतं. माणूस खूश व्हायला हवा होता, पण त्यांचं तोंड आणखीच आंबट झालं. "पाठांतर चांगलं आहे. आता याच बिया सारख्या रांगांत लावून दाखवा. एकही उरता कामा नये."

वैनी बोटांवर पाहत राहिली. "दोननं नाई जात. तीननं एक उरते. पाचनं दोन, सातनं एक, अकरानंबी एक. तेरानं दहा उरतात." असं करत ती तीसच्या पाढ्यांपर्यंत गेली. "नाई जात, सर."

"तिसाच्या पलीकडेही जग आहे, बाई. दहा आकडी संख्या आहे, कशानं तरी जाईलच. तो भाजक शोधून आणा, मग प्रवेशाचं बघू." आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

ही वाटेला लावायची रीत आहे, हे मला कळलं, दारात उभ्या असलेल्या दादाला कळलं. वैनी मात्र उंबऱ्यावर थांबून विचारती झाली, "कधीपर्यंत आनू, सर?"

कागदातून डोकं न काढता वामनराव म्हणाले, "कधीही."

परतीच्या गाडीत मी तिला सांगितलं, "त्यानं तुले हाकलून देलं, वैनी."

"हाकललं तं हाकललं. पन कबूल केलं ना? भाजक आनला की प्रवेश. तू आयकलं, यायनं आयकलं." तिनं दादाकडं बोट दाखवलं. दादा खिडकीबाहेर बघत बसला. त्याला साक्षीदार व्हायची बिलकूल हौस नव्हती.

मला तेव्हा आकड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. वैनीनं मला ते वांग्याच्या रोपांवर समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. समजा इतकी रोपं सारख्या रांगांत बसली. रांगा पुष्कळ असतील तर एका रांगेतली रोपं थोडी, रोपं पुष्कळ असतील तर रांगा थोड्या. दोन्ही मोठे असूच शकत नाहीत. स्वतःलाच गुणलं तरी या आकड्याच्या आत मावेल अशी सगळ्यात मोठी सीमा निघाली शेहेचाळीस हजार तीनशे चाळीस. दोघांतला एक याच्या आतच सापडायला हवा. शिवाय जो आकडा तीननं जात नाही, तो नवानं, बारानं, पंधरानं जाणारच नाही. म्हणून तपासायचे ते फक्त असे, जे दुसऱ्या कोणाच्याच पाढ्यात येत नाहीत. शाळेत त्यांना मूळसंख्या म्हणतात. वैनी त्यांना अडेल म्हणायची. कोणाच्या दावणीला बांधून घेत नाहीत म्हणून.

त्या पावसाळ्यात मोट बंद होती. वैनीनं चार महिने बसून शेहेचाळीस हजारांच्या आतले सगळे अडेल हुडकले. आकडे मांडायचे आणि तिनाच्या पाढ्यातले खोडायचे, मग पाचाच्या, मग साताच्या. शेवटी दोन जाड वह्या भरल्या, एका ओळीत एक आकडा, पानावर वीस ओळी. एकूण चार हजार सातशेच्या वर. आमची आई पार्बताबाई त्या वह्यांकडं बघून म्हणाली, "येवढ्यात तं पोथी लिहून झाली असती."

दिवाळी झाली, मोट सुरू झाली आणि वैनीचे भागाकारही. वाफ्याचं तोंड उघडलं की ती बांधावर बसून पाटीवर भागाकार करायची. वाफा भरेस्तोवर एक भागाकार व्हायचा. भरला की मी ओरडायची, ती उठून दार बदलायची. दिवसाला सहा, कधी आठ. कागद महाग, म्हणून पाटीवर करायचं आणि पुसायचं. बाकी उरली की ती म्हणायची, "नाई गेला," आणि मी वहीत त्या आकड्यापुढं गेरूचा ठिपका द्यायची. एका डबीत कालवलेला गेरू आणि एक काडी, हे माझं खातं. मला वाचता येत नव्हतं, पण ठिपका कुठं संपला ते दिसायचं. रोज सकाळी मीच बोट ठेवून सांगायची, "आज अठून पुढं."

दादाची एकच अट होती. "पानी वाया जाऊ देऊ नोका. बाकी काय भागाचं थे भागा." तरी एकदा कोथिंबिरीचा वाफा फुटून सगळं पाणी रस्त्यावर गेलंच. त्या दिवशी तीनशे एकतिसाचा भागाकार चालू होता आणि शेवटी फक्त एक उरला होता. वैनीला वाटलं कुठंतरी चूक झाली, नाहीतर पूर्ण गेलाच असता. तिनं तो तीनदा केला. तिन्ही वेळा एकच उरला. तिकडं दादा चिखलात उभा राहून आम्हा दोघींच्या माहेरचा उद्धार करत होता. माझं माहेर म्हणजे त्याचंच घर, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

पुढं दोन हजार एकोणनव्वदाला तीन उरले, तेव्हाही तिचा जीव वरखाली झाला होता. मग सवय झाली. उरायचंच.

पहिल्या वर्षाची खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं अवजाराला हात लावायचा नसतो, त्याची पूजा करायची असते. मोट, कासरा, खुरपी, विळा सगळं धुऊन मी ओट्यावर मांडलं. वैनीची पाटीही मांडली आणि वहीही. आम्हाला तीही अवजारंच. वही चालू पानावर उघडून ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. वैनी पुरणात अडकलेली होती. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, लवकर फुटू दे रे बापा हा आकडा. दुसऱ्या वर्षीही तसंच केलं.

गावाला करमणूक झाली होती. विहिरीवर बाया विचारायच्या, "तुह्या वैनीचा आकडा फुटला का वं?" मी तोंडाची फटकळ, त्यामुळं विचारणारीला पुरतं उत्तर मिळायचं. पण घरी आल्यावर मी वैनीशी भांडायची. "असन थो भाजक. नसन तं?" असं मी चिडून म्हटलं ते दुसऱ्या उन्हाळ्यात.

वैनी पाटी पुसता पुसता थांबली. "थेच मी आठ दिवस झाले पाहून राहिली. हाच अडेल असन तं?"

"मंग काय?"

"भाजक सापडला तं दोन आकडे दाखवले, गुनाकार केला, झालं. एका मिनिटाचं काम. नाई सापडला तं दाखवाले काय हाय माह्यापाशी? रिकामी पाटी." तिनं उरलेली पाटी पुसली. मग म्हणाली, "पन अर्ध्यात सोडलं तं तेबी सांगता येत नाई. सगळेच्या सगळे करा लागतीन."

मला तिचा राग आला आणि कीवही आली. तीन वर्षांनी जाऊन त्या माणसाला सांगायचं काय, तर सापडला नाही. तो म्हणणार, कुठंतरी चुकला असाल. पण मी डबीत गेरू कालवला. दुसरं काय करणार?

सन चोवीसच्या चैत्रात शेवटचा ठिपका दिला. शेहेचाळीस हजार तीनशे सत्तावीस, सदतीस, असले जे काही शेवटी होते त्यांतला कोणताच कामाचा निघाला नव्हता. दादानं मोट थांबवली, येऊन वहीकडं पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजे नाईच फुटला." मग बैलांना गूळ दिला. त्यातला खडा आम्हालाही मिळाला.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी अकोल्याला गेलो. वामनरावांचे केस पिकले होते. वैनीला त्यांनी ओळखलं नाही, पण तिनं तो आकडा म्हटला आणि त्यांचा हात टेबलावरच राहिला.

"भाजक आणलात?"

"नाई, सर. भाजक नाई तिले. शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या आतले सगळे पाह्यले."

तिनं वह्या पुढं ठेवल्या. त्यांनी मधलाच एक आकडा काढला, कागद घेऊन स्वतः भागाकार केला. बाकी उरली. दुसरा काढला, तिसरा काढला. वैनी समोर उभी. उन्हाचा पट्टा टेबलावर पडला होता आणि ते पान उलटत होते. गेरूच्या ठिपक्यांच्या ओळींमागून ओळी. त्यांच्या चेहऱ्यावरचा आंबटपणा गेला होता. शेवटी त्यांनी वही उघडी ठेवली, कपाटातून प्रवेशाचं रजिस्टर काढलं, दौतीचं झाकण उघडलं. "संपूर्ण नाव सांगा."

आणि त्याच क्षणी मला ते दिसलं.

उघड्या पानावर वरचे ठिपके गेरूचे होते, मातकट. खालचे नव्हते. ते फिकट गुलाबी होते, कडेनं हळदीची पिवळी झाक. कुंकू. खंडेनवमीला माझ्यासमोर वही उघडी होती आणि पूजेत मी सगळ्या अवजारांना लावलं तसं त्या पानावरच्या आकड्यांनाही लावत गेले होते. जे जे आकडे बिनठिपक्याचे दिसले त्या प्रत्येकाला एक बोट. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका बघून मीच सांगितलं असणार, आज अठून पुढं.

वैनीला माहीत नव्हतं. वामनरावांना माहीत नव्हतं. जगात फक्त मला माहीत होतं, आणि टाक शाईत बुडला होता. मी गप्प बसले असते तर ती मास्तरीण झाली होती. मी खरंच गप्प बसणार होते, खोटं कशाला बोलू. पण तीन वर्षं तिच्याजवळ बसून तिची खोड मला लागली होती. घास गिळवेना.

"सर," मी म्हणाले, "हे पान झालं नाई."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. मग दुसऱ्या वहीतलंही तसलं पान शोधून काढलं. पहिल्या सालचे अकरा, दहा हजार सातपासून दहा हजार नव्याण्णवपर्यंत. दुसऱ्या सालचे चौदा, तीस हजार अकरापासून तीस हजार एकशे तेहतीसपर्यंत. एकूण पंचवीस.

वैनी मला मारील असं वाटलं. ती नुसती पानाकडं बघत राहिली. वामनरावांनी मात्र हात झटकला. "राहू द्या. काही बिघडत नाही." त्यांनी खण उघडून एक पत्र काढलं. आवाज खाली आला होता. "तुम्ही गेल्यावर मीही तो भाजक शोधायला बसलो होतो. सापडेना. मग नागपूरला कॉलेजात माझे एक प्राध्यापक मित्र आहेत, त्यांना विचारलं. त्यांचं हे उत्तर. ही मूळसंख्याच आहे. युरोपात दीडशे वर्षांपूर्वीच ते सिद्ध झालंय. आणि तेही सगळे तपासून नव्हे, फक्त चौऱ्याऐंशी भागाकार करून."

वैनीनं पत्रावरची तारीख वाचली. "बावीस सालचं हाय."

"हो. मला वाटलं नव्हतं तुम्ही अजून... कुठं कळवणार होतो मी?"

"भातकुलीले टपाल येते, सर," वैनी म्हणाली.

वामनरावांची मान खाली गेली. तिला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज मुळीच चढला नाही, ओठ तेवढे पांढरे झाले. दोन वर्षं! बांधावर, उन्हात, चिखलात, आईची बोलणी खात. यांच्या खणात उत्तर पडलेलं, आणि हे रोज त्याच खणातून टाक काढत होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "नाव सांगा, मी लिहितो."

"नोका लिहू आजून." वैनीनं पदर खोचला आणि पिशवीतून पाटी काढली. "तुमाले माईत हाय. मी सारे पाह्यले म्हनून सांगतलं तुमाले, आन् माह्ये पंचवीस राह्यले हायेत."

"अहो, तुमची गाडी चुकेल."

"चुको."

ती खाली फरशीवर बसली. "शकुन, सांग." मी वही तिच्यासमोर धरली. दहा हजार सात. पाटीवर खडूचा आवाज सुरू झाला. "चौदाशे एकसष्ट उरले. नाई गेला." माझ्याकडं गेरू नव्हता. वामनरावांनी लाल शाईची दौत माझ्याकडं सरकवली. मी कुंकवाच्या ठिपक्यावर लाल शाईचा ठिपका दिला. तो जरा मोठाच पडला.

दहा हजार नऊ. नाही गेला. मधल्या सुट्टीची घंटा झाली. वर्गातल्या बायका दारातून डोकावून गेल्या. पाच-सहा झाल्यावर वामनराव खुर्चीतून उठले, कागद घेऊन समोर फरशीवर मांडी घालून बसले आणि तेच भागाकार करू लागले. एकदा त्यांचं आणि तिचं जमलं नाही. वैनीनं त्यांच्या कागदावर नजर फिरवली. "सर, तिसऱ्या ओळीत हातचा राह्यला." त्यांनी खोडून नीट केलं. मला त्या अवस्थेतही हसू आलं.

तिसांच्या पानावर आलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. गाडी केव्हाच गेली होती. प्रत्येक आकड्याला मी वैनीच्या खडूकडं बघायची. यातलाच एखादा निघाला तर? छापून आलेलं, सिद्ध झालेलं, ते सगळं त्यांचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त कुंकू होतं. तीस हजार एकशे एकोणीस आला तेव्हा शेवटी एकोणतीस हजार सहासष्ट उरले, आणखी जरासे असते तर भरलाच होता. मग शेवटचा, तीस हजार एकशे तेहतीस.

वैनी आणि वामनराव एकदमच थांबले. "पंचवीस हजार दोनशे एकोणसत्तर," दोघं म्हणाले.

"नाई गेला," वैनी म्हणाली. मी ठिपका दिला.

वामनराव गुडघ्यावर हात टेकून उठले, रजिस्टर ओढलं. या वेळी तिनं नाव सांगितलं. त्यांनी सावकाश, सुरेख अक्षरात लिहिलं. शाई वाळायच्या आत वैनीनं विचारलं, "सर, थे चौऱ्याऐंशीत कसं झालं? थे आंधी शिकवा मले."

वामनरावांनी टाक पुसून खाली ठेवला. पत्रात ते लिहिलेलं नव्हतं. "मला येत नाही," ते म्हणाले. त्या पुस्तकी बोलीत इतकं साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"मंग दोघं मिळून काढू," वैनी म्हणाली, जसं काही कांद्याचे वाफेच काढायचे होते.

ती रात्र आम्ही वर्गातल्याच एका बाईच्या खोलीत काढली. मी तिची माफी मागितली. वैनी म्हणाली, "निज आता. सांगतलं ना तू?" आणि कूस बदलून दोन मिनिटांत घोरायला लागली.

वैनी अकोल्याला राहिली आणि दारं धरायला मी एकटी उरले. भाकरीही माझ्याच गळ्यात पडल्या. पण दर सुट्टीला ती आली की मला बांधावर बसवून आकडे गिरवायला लावायची. माझं लिहिणं अक्षरांपासून सुरू झालं नाही, त्या दोन वह्यांपासून झालं. पुढच्या साली दिवाळीला ती आली ती पिशवी न ठेवताच मळ्यात आली. नागपूरला आठ-दहा पत्रं गेली होती, वामनराव तिच्याबरोबर रोज शाळा सुटल्यावर बसत होते, आणि ते सुटलं होतं.

"महिना एकतीस दिवसांचा ना?" ती धापा टाकत म्हणाली. "मंग याचा भाजक असलाच, तं त्याले बासष्टनं भागलं की एकच उरला पाह्यजे. बाकीच्याईले पाहाचंच काम नाई. आन् त्यातलेबी अर्धे आनखी एका पारखीनं गळतात." ती पारख मला आजही नीट सांगता येत नाही. "राह्यले चौऱ्याऐंशी. आपल्या चार हजार सातशेतले चौऱ्याऐंशी, शकुन!"

तिनं वह्या उघडल्या. त्या चौऱ्याऐंशी आकड्यांभोवती तिनं निळ्या शाईनं गोल केले होते. पानंच्या पानं गोलाशिवाय जात होती आणि मग एखादा निळा गोल. मला हसावं की रडावं कळेना. एवढी मोट हाकली, आणि लागत होतं ते एवढंसं.

"हे पाय," म्हणून तिनं दुसऱ्या वहीतलं ते पान काढलं, माझं कुंकवाचं पान. चौदा लाल ठिपके, आणि त्यांतल्या एकाभोवती निळा गोल. ज्याच्यावाचून त्या युरोपातल्या माणसाचंही काम पुरं झालं नसतं, असा एक आकडा. मी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर तो आमच्याकडून कायमचा राहून गेला असता.

वैनीनं त्यावर बोट ठेवलं. मी वाकून वाचलं, पहिल्यांदाच, कोणी न सांगता: तीस हजार एक्काहत्तर.